घरून किती वाजता निघालात?

गोळेगावकर बाईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो हा. मी नोकरीच्या मुलाखतीला बसलो होतो. सांख्यिकीतली पदवी, प्रमाणपत्रं, एक शिफारसपत्र असं सगळं फायलीत लावून गेलो होतो. सरासरी विचारतील, नमुना कसा निवडतात ते विचारतील, म्हणून आठवडाभर घोकंपट्टी केली होती. समोर दोन टायवाले आणि त्यांच्या मधोमध एक बुटक्या, गव्हाळ बाई. अंगावर खादीची साडी आणि मनगटावर भलंमोठं पुरुषी घड्याळ.

"पावणेदहाला निघालो," मी म्हणालो.

"कशानं आलात?"

"पायीच. गुलमंडीवर राहतो."

"वाटेत काय काय दिसलं?"

यात काहीतरी फसवणूक असणार असं मला वाटलं. मी जपून म्हणालो, "काही विशेष नाही."

बाईंनी शेजारच्या टायवाल्याकडं पाहिलं. "घ्या यांना. तक्ते चांगले करतील."

ही स्तुती नव्हती, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

तेव्हा शहराचं नाव औरंगाबाद होतं. औरंगपुऱ्याच्या मागं एका भाड्याच्या इमारतीत आमचं छोटं संशोधन केंद्र होतं. सरकारी आरोग्यसेवा कागदावरून निघते ती माणसापर्यंत पोचते का, आणि पोचत नसेल तर वाटेत कुठं सांडते, हे शोधायचं आमचं काम. खेड्यात जाऊन माहिती आणायची बाईंनी आणि त्यांच्या दोन मदतनीस मुलींनी. त्या माहितीचे तक्ते करायचे मी. माझं टेबल पंख्याखाली होतं आणि मला ते फार आवडायचं. बाई मला नावानं कधी हाक मारत नसत. "काय तक्तेवाले, पंखा काय म्हणतो?" असं विचारत आत यायच्या.

त्यांचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत असे. "दवाखान्याची गोष्ट दवाखान्यात सुरू होत नाही, चुलीपाशी सुरू होते." म्हणून कुठल्याही रोग्याला त्या आधी आजार विचारत नसत. घरून किती वाजता निघालात, घरात मागं कोण आहे, स्वयंपाक करून निघालात की तसंच, हे आधी. पुढं पुढं त्यांना या प्रश्नाची इतकी सवय लागली की लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या अनोळखी व्याह्यालाही त्या तेच विचारायच्या. माझ्या लग्नात त्यांनी माझ्या सासऱ्यांना विचारलं. सासऱ्यांना वाटलं, बाई उशिराचा जाब विचारतायत. ते आजतागायत माझ्यापाशी खुलासा करतात की वऱ्हाडाची गाडी पंक्चर झाली होती.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं त्या वर्षी बाई सातवीत होत्या. तोवरचं शिक्षण सगळं उर्दूतून. त्यामुळं गडबडीत टिपणं घ्यायची वेळ आली की त्यांचा हात आपोआप उजवीकडून डावीकडं चालू लागायचा. त्यांची टिपणवही ऑफिसात कुणालाच वाचता येत नसे. आमच्या हेडक्लार्कची तर खात्री होती की बाई चोरून शेरोशायरी करतात. ती वही वाचू शकणारा एकच माणूस होता, आम्हाला चहा आणून देणारे रहीमचाचा. एकदा वही टेबलावर उघडी पडली होती, तेव्हा चाचांनी ट्रे खाली ठेवला, चष्मा चढवला आणि माझ्याकडं बघून हसायला लागले.

"साब, इसमें आपका बी नाम है."

"काय लिहिलंय?"

"लिख्खे हैं, तख्ते अच्छे, पावां कच्चे."

मी चार दिवस बाईंशी बोललो नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण त्या एका दवाखान्यात जाऊन बसल्या होत्या.

हे जाऊन बसणं ही बाईंची खास पद्धत. खांद्यावर कापडी पिशवी, पिशवीत घडीचं स्टूल, भाजलेले शेंगदाणे आणि पाण्याची बाटली. दवाखाना उघडायच्या आधी जायचं आणि रोग्यांच्या रांगेत रोग्यासारखं बसायचं. कोण किती वेळ थांबलं, डॉक्टर रोग्याकडं बघून बोलले की कागदाकडं, चिठ्ठीवरचं औषध खिडकीत मिळालं की नाही, हे सगळं पिशवीतल्या वहीत. एकदा एका दवाखान्यात त्यांच्या शेजारी खुलताबादकडून आलेली एक म्हातारी बसली होती. बाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला.

"निघाले की माय, कोंबडा आरडायच्या आंदी," म्हातारी म्हणाली. "तू कवा निघाली?"

"मी इथंच राहते. दहा मिनिटांवर."

"मंग कामून बसली इतक्या येळची? लई दुखतंय का?"

बाई काहीतरी गुळमुळीत बोलल्या. म्हातारीला त्यांची दया आली. आपला नंबर आल्यावर ती उठलीच नाही. "आंदी हिला बगा, डागदरसाब. सकाळपून बसलीय, बोलंना, काय नाय, नुसती लिवतीय." बाईंना काही बोलायची संधी मिळायच्या आत त्यांची नाडी पाहिली गेली, खिडकीतून लाल औषधाची बाटली आणि पांढऱ्या गोळ्यांची पुडी हातात पडली. बाई त्या मुद्देमालासह ऑफिसात परतल्या. त्या दिवशीच्या टिपणाचं शेवटचं वाक्य त्यांनी आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवलं. "रुग्णाला काय होतंय, हे रुग्ण सोडून सर्वांना माहीत होतं." बाटली त्यांनी कपाटावर ठेवली ती निवृत्त होईपर्यंत तिथंच होती.

पण बाई मला खऱ्या अर्थानं कळल्या त्या करमाडच्या पुढच्या एका गावात. गावाचं नाव मी सांगणार नाही. रिपोर्टात गावाचं नाव येता कामा नये हा बाईंचा नियम होता, आम्ही त्याला गाव क्रमांक चार म्हणायचो. तिथं सरकारी उपकेंद्र होतं, म्हणजे दोन खोल्या आणि एक नर्स. सुशीला सिस्टर. तिचं घर त्याच गावात, घरात म्हातारी सासू आणि शाळेत जाणारी मुलगी. सिस्टर घरोघर जाते का, हे आम्हाला तपासायचं होतं.

त्या काळी आरोग्य खात्याचा माणूस घरी येऊन गेला की दाराशेजारच्या भिंतीवर गेरूनं काढलेल्या चौकटीत तारीख टाकून सही करायचा. ही चौकट बाईंच्या फार विश्वासाची. "रजिस्टर खुर्चीत बसून भरता येतं," त्या म्हणायच्या, "भिंतीवर सही करायला भिंतीपर्यंत जावं लागतं." म्हणून आमच्या पथकानं गाव क्रमांक चारमध्ये जाऊन भिंती पाहिल्या. एका अख्ख्या गल्लीत चौकटी नव्हत्याच. पांढऱ्या स्वच्छ भिंती. घरात जे म्हातारे बसले होते त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमी तर कुणाला येताना बगितलं नाय." सिस्टरचं रजिस्टर मात्र भेटींनी भरलेलं. मी पंख्याखाली बसून तक्ता केला. रजिस्टरातल्या भेटी एका रकान्यात, भिंतीवरच्या भेटी दुसऱ्यात. दुसरा रकाना शून्यांनी भरून गेला. इतका स्पष्ट तक्ता मी आयुष्यात केला नव्हता आणि मला त्याचा अभिमान वाटला, हे आज कबूल करतो.

रिपोर्टाच्या सतराव्या पानावर तो तक्ता छापला. जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांना घाई होती, म्हणून प्रती आधीच धाडल्या. चार दिवसांत साहेबांचा निरोप आला की रिपोर्ट उत्तम आहे. गाव क्रमांक चारचं उपकेंद्र बंद करून नर्सला अजिंठ्याच्या डोंगरात पाठवायचं ठरतंय, सोमवारच्या बैठकीत सही होईल. आमच्या रिपोर्टानं काहीतरी घडतंय, हे पहिल्यांदाच होत होतं. मी पेढे आणायचं म्हणत होतो.

बाई म्हणाल्या, "पेढे राहू द्या. गावात वाचून दाखवायचं राहिलंय."

हाही त्यांचा नियम. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांना ती आधी ऐकवायची. मी म्हणालो, "बाई, रिपोर्ट गेलासुद्धा. आता वाचून काय उपयोग?"

"चुकीचा असला तर निदान आपल्याला कळेल. चला तुम्हीही. तक्ता तुमचा आहे."

शनिवारी दुपार कलताना आम्ही मारुतीच्या पारावर पोचलो. बाईंनी स्टूल उघडलं आणि वाचायला सुरुवात केली. पुढं बसलेले पुरुष माना डोलवत होते. मागं भिंतीला टेकून बायका उभ्या होत्या, त्यांच्यात मान खाली घालून सुशीला सिस्टर. बाईंनी सतरावं पान वाचलं. "या गल्लीत नर्सच्या गृहभेटी होत असल्याचा पुरावा आढळला नाही."

"काय म्हन्ली?" मागून आवाज आला. गयाबाई नावाची एक उंचीपुरी बाई पुढं आली. "आमच्याकडं सिस्टर येत नाय म्हन्ता?"

"घरी विचारलं आम्ही. माहीत नाही म्हणाले," बाई म्हणाल्या.

"कुणाला इचारलं?"

मी कागद चाळून नावं वाचली. बायका खो-खो हसायला लागल्या.

"बया! समदी म्हातारी पुरुष माणसं! तेंला काय ठावं? सिस्टर येती झुंजुमुंजू, आमी चूल पेटवताना. मंग आमी जातो ज्वारी काढायला. ही म्हातारी त्या टायमाला परसाकडं नायतर पारावर. तुमी कवा आलते?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी कागदावर पाहून म्हणालो, "अकराच्या एसटीनं."

"अकराला गावात कोन असतंय? कुत्री आन् म्हातारी."

एक म्हातारा रागावून उठून गेला. बाईंचा चेहरा उतरला होता. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण भिंतीवर काहीच कसं नाही?"

"आवं, लगीन हुतं न्हवं गल्लीत! आमच्या पुतणीचं. चुना उरला, म्हून समद्यांनी मारला. नव्या चुन्यावर मंग सिस्टरला कुनी लिवू दिलं नाय. चला, दावते."

गयाबाईच्या घरापाशी आम्ही सगळे पोचलो. आतून तिची सून बाहेर आली, आठवा महिना भरलेली, अवघडून चालणारी. गयाबाई तिच्याकडं बोट दाखवून म्हणाली, "हिचा टाइम झाला तर करमाडला न्यायला बैलगाडी लागती. सिस्टर गेली तर हिचं कोन करनार? तुमचा कागुद?" आणि तिनं दाराशी ठेवलेला पाण्याचा तांब्या उचलून भिंतीवर फेकला.

चुना ओला झाला की पातळ दिसतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. पांढऱ्या भिंतीचा तेवढा भाग निळसर झाला आणि आतून गेरूची चौकट वर आली. चौकटीत एकाखाली एक तारखा, प्रत्येक तारखेपुढं सुशीला सिस्टरची सही. बाईंनी बोटानं एकेक तारीख वाचली. मी फायलीतली रजिस्टरची नक्कल काढून ताडून पाहिली. एकही चुकली नाही. आम्ही बघत असतानाच भिंत वाळली आणि सगळं परत पांढरं झालं.

"तक्तेवाले," बाई म्हणाल्या, "बादली घ्या."

मग मी ती गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत केली. बायका आडातून पाणी शेंदून देत होत्या, मी भिंतीवर तांब्या मारत होतो, बाई तारखा टिपत होत्या, पोरं टाळ्या पिटत होती. एक आजोबा काठी आपटत ओरडले, "आवं, भिताड धुता का आमचं? लगनालाच रंगवलंय!" माझी विजार गुडघ्यापर्यंत चुन्याच्या पाण्यानं भिजली. प्रत्येक भिंतीतून चौकट निघत होती आणि माझ्या तक्त्यातलं एकेक शून्य खोटं ठरत होतं. मला लाज वाटत होती आणि तरी त्या संध्याकाळी मी जितका हसलो तितका त्या नोकरीत कधी हसलो नाही.

शेवटच्या घरानंतर बाई सुशीला सिस्टरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "सिस्टर, मी चुकले," त्या म्हणाल्या. "दवाखाने लोकांची वेळ बघत नाहीत म्हणून मी वीस वर्षं ओरडतेय. आणि मीच माझ्या एसटीच्या वेळेला आले."

सिस्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाई, तुमी नगा असं म्हनू," एवढंच ती म्हणाली.

आम्ही गयाबाईकडंच मुक्काम केला. पहाटे सिस्टर निघाली तेव्हा बाई घड्याळ बघत तिच्या मागं आणि मी बाईंच्या मागं. एका घरात तिनं तान्ह्याचं वजन केलं, दुसऱ्या घरात भाकरी थापणाऱ्या बाईला थापता थापताच गोळ्यांचं समजावलं. सूर्य वर यायच्या आत गल्ली झाली होती. माझ्या पायाला दोन मोठे फोड आले. ऑफिसात आल्यावर रहीमचाचांनी आपणहून वही वाचून सांगितलं, "साब, अब लिख्खे हैं, पावां बी चलते."

पण बैठक अजून व्हायची होती. रविवारी बाईंनी मला ऑफिसच्या गच्चीवर एका विटेवर गेरूनं चौकट काढायला लावली, तारखा लिहायला लावल्या, आणि रहीमचाचांनी वर चुन्याचा हात मारला. सोमवारी बाई ती वीट पिशवीत घालून बैठकीला गेल्या. मी त्यांच्यासोबत होतो आणि घाबरलो होतो. साहेबांच्या समोर आदेशाचा कागद तयार होता.

"साहेब, सतरावं पान चूक आहे," बाई उभं राहून म्हणाल्या. "चूक माझी आहे."

साहेब म्हणाले, "बाई, छापून झालंय. आता असं म्हणालात तर तुमच्या केंद्राचं नाव खराब होईल. पुढच्या वेळी दुरुस्त करा की."

"पुढच्या वेळेपर्यंत तिथं एका सुनेचं बाळंतपण आहे. नाव होऊ द्या खराब."

मग त्यांनी वीट काढून साहेबांच्या काचेच्या टेबलावर ठेवली. खोलीत कुणीतरी हसलं. बाईंनी साहेबांचाच पाण्याचा पेला उचलला आणि विटेवर ओतला. चुन्याखालून तारखा वर आल्या. पाणी आदेशाच्या कागदापर्यंत पोचलं, कुणीतरी तो घाईनं उचलला. साहेब वाकून बघत राहिले. त्यांनी विटेला बोट लावलं. सगळ्या घरांच्या तारखांची यादी बाईंनी त्यांच्यासमोर सरकवली.

"हे दिसतं किती वेळ?" साहेबांनी विचारलं.

"वाळेपर्यंत. तेवढ्यात सही करा."

साहेब मोठ्यानं हसले. त्यांनी ओला आदेश फाडला आणि उपकेंद्र आहे तिथंच राहील, असं त्याच यादीच्या खाली लिहून सही केली. गयाबाईच्या सुनेला पुढच्या महिन्यात मुलगी झाली, सिस्टरच्या हातून. बारशाला बाई गेल्या. मला म्हणाल्या, तुम्हीही चला, पण मला त्या दिवशी पंख्याखाली काम होतं.

तेव्हापासून आमच्या प्रत्येक रिपोर्टाला शेवटी एक जादा पान असायचं, 'आमच्या चुका'. काही रिपोर्टांत ते वाढत वाढत तीन पानांचं झालं. टायवाले कुरकुरायचे. बाई म्हणायच्या, लोक तेवढंच पान आवडीनं वाचतात.

पुढं बाई निवृत्त झाल्या, मग मी झालो. मी सिडकोत घर घेतलं, बाई पैठण गेटजवळ त्यांच्या जुन्या घरात एकट्या. दिवाळीला फोन करायचो. जाऊ, जाऊ म्हणत किती वर्षं गेली ते मला खरंच सांगता येणार नाही. एक दिवस मात्र गेलो. बाई दारातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. खूप वाळल्या होत्या, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं.

"घरून किती वाजता निघालात?"

"साडेदहाला."

"म्हणजे आता अकरा! तक्तेवाले, अजून तुमची तीच एसटी?" आणि त्या खोकला येईपर्यंत हसल्या. "सिस्टर सहालाच येऊन गेली."

सुशीला सिस्टरही निवृत्त होऊन लेकीकडं शहरात आली होती. रोज सकाळी ती बाईंचं ब्लड प्रेशर बघायला यायची. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी नेमलं नव्हतं. बाईंनी माझ्या मागं बोट दाखवलं. दाराशेजारच्या भिंतीवर गेरूची चौकट होती. आत एकाखाली एक तारखा आणि प्रत्येक तारखेपुढं तीच सही, जी मी त्या गल्लीत तांब्या मारून मारून पाठ केली होती.

"मागच्या वेळी तुम्ही कधी आला होतात?" बाईंनी विचारलं.

मी आठवू लागलो.

"भिंतीवर नाही, म्हणजे आला नाहीत," त्या म्हणाल्या, पण हसतच. "चला, आज तरी लिहा."

खिडकीत पेन्सिल दोऱ्यानं बांधून ठेवली होती. मी तारीख टाकली, सही केली.

"वेळ?"

मी पुढं लिहिलं, अकरा.

चहा दोनदा झाला. निघालो तेव्हा गल्लीच्या वळणावरून सहज मागं पाहिलं. बाई खुर्चीतून उठून भिंतीशी वाकल्या होत्या, चष्मा हातात धरून माझी नोंद तपासत होत्या. माझ्याकडं वळून त्यांनी मोठ्यानं हाक मारली, "तक्तेवाले, एकदा सहाला या! मजा असते!"

"येतो," मी म्हणालो.

बाई होत्या तोवर गेलो नाही. ती चौकट अजून आहे. त्यात सिस्टरच्या सह्या अगदी तळापर्यंत आहेत. माझी एकच आहे, अकराची.